लायपोचं बाळंतपण

शिवानी: आत्या, बास. अजून नको आवळू. श्वास घ्यायला जागाच राहत नाहीये.

रंभा: पोट बांधल्यावर श्वास थोडा वरच राहतो, शिवू. सैल बांधायचं तर बांधायचं कशाला? हात वर कर. अस्सं. अठ्ठावीस वर्षं डोंबिवलीच्या प्रसूतिगृहात आया होते मी. माझ्या हातची पट्टी घसरली, असं एकही बाई सांगणार नाही तुला.

शिवानी: पण क्लिनिकचा गारमेंट आहेच की आत. तोही टाइट आहे. त्याच्यावर तुझं हे लुगडं.

रंभा: तो गारमेंट म्हणजे विकत आणलेली लांब चड्डी. तिला काय कळतं कुठे आवळायचं आणि कुठे सोडायचं? हे माझ्या आईचं लुगडं आहे, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. तुझ्या वेळी तुझ्या आईचं पोट याच्याच पट्टीने बांधलं होतं मी.

शिवानी: मी बाळंत नाही झाले गं. लायपो केलंय.

रंभा: अंगातून काहीतरी काढलंच ना त्या डॉक्टरने?

शिवानी: फॅट काढलं. तेही पोटाच्या आतून नाही, कातडीच्या खालून. आणि मांड्यांमधून.

रंभा: मग तेच झालं. एवढं मोठं काही निघालं की आत पोकळी होते, आणि पोकळीत वारा शिरतो. आज चौथा दिवस. सव्वा महिना जपायचं असतं, तू मला आठवडाच देतेयस. चरबीचं बाळंतपण म्हण. नाहीतरी खरं बाळंतपण करायला कुणी बोलावलं होतं मला?

शिवानी: पुन्हा तेच काढू नकोस ना.

रंभा: काढत नाही. सान्वी झाली तेव्हा तुझ्या सासूबाईंनी मालिशवाली ठेवली, ती पंधरा दिवसांत पळाली, आणि विसाव्या दिवशी तू लॅपटॉप उघडून बसलीस. मी इथे वर्तकनगरला, तू घोडबंदरला. वीस मिनिटांवर. डिंकाचे लाडू घेऊन आले तर वॉचमनने खालीच ठेवून घेतले.

शिवानी: मला ठाऊक आहे. म्हणून तर आले तुझ्याकडे. मैत्रिणीकडेही जाऊ शकले असते. आई असती तर आईकडे गेले असते.

रंभा: बरं, बरं. डोळे पूस. पॅड बघू. अजून पाझरतंय बाई.

शिवानी: ते नॉर्मल आहे. काढायच्या आधी आत सलाईनसारखं पाणी भरतात, औषध घातलेलं. त्याने फॅट सुटं होतं, रक्त कमी जातं. मग बारीक भोकं पाडून नळी घालतात आणि खेचून घेतात. सगळं पाणी काही निघत नाही. उरलेलं गळत राहतं दोन-चार दिवस, गुलाबी. मला आधीच सांगितलेलं.

रंभा: म्हणूनच म्हणते, पाणी कमी पी. वरून ओतत राहिलीस तर खालून गळतच राहणार. बाळंतिणीला आम्ही ओवा-शेपाचं कोमट पाणी द्यायचो, वाटीभर. तेवढंच.

शिवानी: जीभ टाळूला चिकटतेय आत्या. सकाळपासून एकदाच बाथरूमला गेले, तेही नावाला.

रंभा: चिकटू दे. पोट आत जायचंय ना?

शिवानी: कुठे जातंय? काल तुझ्या वजनकाट्यावर उभी राहिले. दोन किलो जास्त भरले.

रंभा: जास्त?

शिवानी: तेही होतं म्हणे. सूज असते. आता मी ड्रमसारखी दिसतेय, मांड्या बघ, शाई सांडल्यासारख्या निळ्या. आधी निळं, मग हिरवं, मग पिवळं. हात लावला तर दुसऱ्याच कुणाचं तरी अंग वाटतं, बधिर. सहा आठवडे हा गारमेंट. खरा शेप दिसायला तीन महिने, कधी सहा. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आरशात बघूच नका, पश्चात्ताप होतो.

रंभा: मग तू बघितलंस?

शिवानी: बघितलं.

रंभा: मला एक खरं सांग, शिवू. धडधाकट पोरगी तू. कशाला गेलीस स्वतःला भोकं पाडून घ्यायला?

शिवानी: सांगितलं ना. कपडे होत नव्हते.

रंभा: कपड्यांसाठी कुणी नवऱ्याला पुण्याला ट्रेनिंग आहे म्हणून सांगत नाही.

शिवानी: संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू होतं. सातव्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या पोटावर हात ठेवला. म्हणाल्या, अगं बोलली नाहीस, कितवा महिना?

रंभा: जळ्ळं तोंड तिचं. बोलतात बायका. तेवढ्यासाठी?

शिवानी: काकूंचं काही नाही. सुशांत दारात उभा होता, सान्वीला न्यायला आलेला. तो हसला.

रंभा: हसला म्हणजे?

शिवानी: नुसता हसला. म्हणाला, मीच विचारतो तिला रोज, कितवा महिना. सगळ्या बायका हसल्या. मीपण हसले. मग घरी येऊन त्याने जेवायला वाढून घेतलं, टीव्ही लावला. त्याला काही झालंय असं वाटलंच नाही. त्याला कळता कामा नये, आत्या. तीन महिन्यांनी बघेल आणि म्हणेल, बारीक झालीस, चालायला लागलीस वाटतं. मी हो म्हणेन. एवढंच पाहिजे मला.

रंभा: परवा फोन आला होता त्यांचा. शिवानी पुण्याला गेलीय, तुम्हाला काही हवं का पुण्याहून. मी म्हटलं, हो का, मला माहीतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा जावयाशी खोटं बोलले.

शिवानी: थँक्यू.

रंभा: थँक्यू नको म्हणूस. पाय लांब कर. तेल गरम झालंय.

शिवानी: आज फक्त डावा चोळ. उजव्याला काही नाही. डाव्या पिंढरीत कालपासून कुणीतरी आतून पिळतंय असं वाटतंय. आज तर टाच टेकवत नाही.

रंभा: काल चोळून दिला तेव्हा बरा वाटला होता ना?

शिवानी: तेवढ्यापुरता. तुझा हात लागला की बरंच वाटतं. मग पुन्हा.

रंभा: चार दिवस अंथरुणात आहेस, शिरा आखडतात.

शिवानी: डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. दर दोन तासांनी, घरातल्या घरात.

रंभा: त्यांचं काय जातं सांगायला. बारीक-बारीक एवढी भोकं आहेत अंगाला आणि चाला म्हणे. पुरुष डॉक्टर असेल.

शिवानी: पुरुषच आहे.

रंभा: बघ. माझ्याकडे बाळंतीण यायची, तिला मी दहा दिवस पाऊल खाली टेकवू द्यायची नाही. हे काय, गरम लागतोय पाय.

शिवानी: तेल गरम आहे ना.

रंभा: तेल नाही अजून लावलं. असू दे, रक्त फिरतंय म्हणजे गरम असणारच. आता सोड अंग सैल. इथे दुखतंय?

शिवानी: हां. तिथेच. आई गं. हळू.

रंभा: गाठ लागतेय हाताला. बघ, इथे, सुपारीएवढी. सोडवते. बोलत राहा, म्हणजे कळणार नाही.

शिवानी: तूच बोल. मला बोललं की धाप लागतेय. बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी जिना चढल्यासारखं होतं.

रंभा: ते शेपाचं पाणी प्यायली नाहीस, गॅस धरलाय. बोलते मी. तुला सरोज सांगितली होती का कधी? खडवलीची. लांब वेणी, इथपर्यंत. पहिलटकरीण, आणि सीझर करावं लागलं. तेव्हा सीझर म्हणजे केवढं मोठं. सगळी माणसं व्हरांड्यात बसून राहायची, डबे घेऊन. डोंबिवलीत तेव्हा रात्री बेडकं ऐकू यायची, प्रसूतिगृहाच्या मागे शेतच होतं. आता तिथे सोळा मजले आहेत. सरोजला मुलगा झाला. मी तिचं पोट बांधलं, दहा दिवस खाटेवरून उतरू दिलं नाही. तिचाही डावाच पाय आखडला होता.

शिवानी: मग?

रंभा: मग काय. चोळला, असाच. चांगला हलका केला. म्हणाली, रंभाबाई, आता बरं वाटतंय. आणि आपली आपण उठली, पाळण्यापाशी जायला. दोन पावलं गेली, पुन्हा खाटेच्या कडेला बसली, म्हणाली, मला कसंतरी होतंय. संपलं. पदरसुद्धा नीट करायला वेळ मिळाला नाही तिला.

शिवानी: मेली?

रंभा: दृष्ट म्हणत होत्या बायका. हार्ट म्हणत होतं कुणी. आमचे मोठे डॉक्टर मात्र फार सभ्य माणूस. मेली असं म्हणाले नाहीत. व्हरांड्यात माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, गाठ सुटली हो तिची, रंभाबाई. किती सुंदर शब्द. मी तो तेव्हापासून लक्षात ठेवला. तुझे काका गेले तेव्हा मी सगळ्यांना तसंच कळवलं, ह्यांची गाठ सुटली. एवढंच समाधान की जाताना सरोजचा पाय तरी दुखत नव्हता.

शिवानी: काय स्टोरी सांगतेस गं पेशंटला.

रंभा: तूच म्हणालीस बोल. हां. सुटली बघ. आता लागत नाही हाताला. बघ, मऊ झाला. वाटतंय ना हलकं?

शिवानी: हो. हो गं, खरंच. थांब, हे वाजतंय. क्लिनिकचा फॉर्म आला. रोज येतो, टिक करून पाठवायचा. किती वेळा चाललात. सहा. पाणी किती. तीन लिटर.

रंभा: वाटीभर प्यायलीस.

शिवानी: रोज तेच टिक करते. नाहीतर फोन करतात आणि लेक्चर देतात. ताप, नाही. पट्टा फक्त क्लिनिकचा वापरता, हो. एका पायाला दुसऱ्यापेक्षा जास्त सूज, पिंढरीत दुखणं, धाप. हे पण रोज नाहीच करते. आज हो करून बघू? काय म्हणतात बघू.

रंभा: कर. तेलाचा हात आहे माझा, तूच वाच.

शिवानी: लाल अक्षरांत आलं काहीतरी. पायात रक्ताची गाठ झाली असण्याची शक्यता. पाय चोळू नये, शेकू नये, चालू नये. गाठ सुटून फुफ्फुसात अडकल्यास जिवाला धोका. आमच्या फोनची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात. आत्या? काय झालं?

रंभा: परत वाच.

शिवानी: पायात रक्ताची…

रंभा: ते नाही. पुढचं. गाठ काय होऊन?

शिवानी: सुटून.

रंभा: सुटून.

शिवानी: फुफ्फुसात अडकल्यास. आत्या, असं बघू नकोस माझ्याकडे.

रंभा: त्यांनी मला सांगितलं होतं. सरळ मराठीत सांगितलं होतं त्यांनी. मला वाटलं, शोभेचा शब्द वापरला.

शिवानी: कोणी?

रंभा: हलू नकोस. बिलकूल हलू नकोस. उशीला टेकून राहा. मी पट्टी सोडते आधी. दोन्ही पाय शेजारी ठेवू मी, तू नको उचलूस. ही परकराची नाडी गुंडाळून मापते पिंढरीला. उजवा एवढा. डावा… डाव्याला नाडी पुरत नाही.

शिवानी: सूज आहे ना पण सगळीकडे. डॉक्टर म्हणालेच होते सूज येते.

रंभा: सूज दोन्ही पायांना येते, शिवू. एकट्या पायाला येत नाही. एवढं तरी कळायला हवं होतं मला. शंभर बायकांचे पाय बघितलेत. छातीत दुखतंय?

शिवानी: नाही.

रंभा: खरं बोल.

शिवानी: मोठा श्वास घेतला तर इथे बरगडीखाली टोचतं. मगाशी नव्हतं. आता आलं.

रंभा: मगाशी म्हणजे कधी?

शिवानी: आत्ताच. तू हात काढलास त्यानंतर.

रंभा: फोन दे तो. एकशे आठ लावते.

शिवानी: अ‍ॅम्ब्युलन्स नको. आत्या, ऐक. रिक्षाने जाऊ क्लिनिकला. नाहीतर इथेच जवळच्या दवाखान्यात. ते आधार कार्ड मागतील, नवऱ्याचा नंबर मागतील. तीन मजले उतरेन मी, हळूहळू.

रंभा: तीन मजले काय, तीन पावलं टाकायची नाहीत. हॅलो. हो. वर्तकनगर, म्हाडाची जुनी वसाहत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाई, वय चौतीस. ऑपरेशन झालंय चार दिवसांपूर्वी, चरबी काढायचं. एक पाय सुजलाय, धाप लागतेय, छातीत टोचतंय. शुद्धीवर आहे. रक्ताची गाठ. हो, मला ठाऊक आहे मी काय म्हणतेय ते. हो, आता ठाऊक आहे. स्ट्रेचर आणा. निघाले ते.

शिवानी: किती वेळ?

रंभा: पंधरा मिनिटं म्हणाले. घे, पाणी घे. घोट घोट. मी किती दिवस तोडलं तुझं पाणी. माझ्या हाताने.

शिवानी: लिहिलंय ना, शक्यता. झालंच असेल असं नाही. इंटरनेटवर काहीही शोधलं तरी शेवटी माणूस मरतोच.

रंभा: हस. पण हळू. आता जावयांना लावते.

शिवानी: नाही.

रंभा: शिवू.

शिवानी: नाही. तपासू दे आधी. काही नाही निघालं तर? मग उगाच कळेल त्याला. जन्मभर सांगत बसेल लोकांना, हिने चरबी काढून घेतली आणि पाय मुरगळला. पुन्हा हसेल. तुला शपथ आहे माझी.

रंभा: शपथ घालू नकोस. शपथेला मी घाबरते, आणि आज मला घाबरून चालणार नाही. हसला तर हसला. हसायला तरी तू समोर पाहिजेस.

शिवानी: आत्या, प्लीज.

रंभा: हॅलो, सुशांतराव? रंभा आत्या बोलतेय. नाही, माझी तब्येत बरी आहे. शिवानी पुण्याला नाहीये. माझ्याकडे आहे. हो, चार दिवस. मी खोटं बोलले होते. ऐका आधी. ऑपरेशन करून घेतलंय तिने, पोटाचं. नाही हो, तसलं नाही. चरबीचं. का, ते तीच सांगेल तुम्हाला. आता पायात गाठ झालीय बहुतेक, रक्ताची, आणि तिला दम लागतोय. गाडी येतेय. कुठे नेतील ते कळलं की सांगते, तुम्ही निघा. घोडबंदरला जाम असला तर बाईकवर या. सान्वीला आणू नका. नाही, आत्ता नाही देत तिला फोन, तिला बोलवत नाहीये.

शिवानी: काय म्हणाला?

रंभा: निघतो म्हणाले.

शिवानी: हसला?

रंभा: नाही गं.

(अ‍ॅम्ब्युलन्सच्या आत. शिवानी स्ट्रेचरवर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. रंभा तिच्या पायांशी बाकावर, हात अजून तेलकट. गाडीसोबतची तरुण डॉक्टर बोटाला यंत्र लावून आकडे बघते आहे.)

डॉक्टर: मॅडम, मास्क काढू नका. मान हलवून उत्तर दिलंत तरी चालेल. आजी, तुम्ही कोण लागता?

रंभा: आत्या. वडिलांची बहीण.

डॉक्टर: ऑपरेशननंतर चालत होत्या का ह्या?

रंभा: नाही. मी चालू दिलं नाही.

डॉक्टर: पाणी?

रंभा: तेही दिलं नाही. वाटीभर. आणि वरून पट्टा बांधला, पोटावर आणि मांड्यांवर. लुगड्याचा. बाळंतिणीला बांधतात तसा.

डॉक्टर: पायाला काही केलंत? शेकला, चोळला?

शिवानी: नाही. काहीच… नाही केलं.

डॉक्टर: मॅडम, बोलू नका म्हटलं ना.

रंभा: ती मला वाचवतेय. चोळलाय. काल अर्धा तास, आणि आज पुन्हा. तुम्हाला फोन केला त्याच्या पाच मिनिटं आधीपर्यंत. गाठ लागत होती हाताला. मी सोडवली.

डॉक्टर: सोडवली म्हणजे?

रंभा: म्हणजे मग ती लागेनाशी झाली.

डॉक्टर: छातीत दुखायला लागलं ते त्याच्या आधी की नंतर?

रंभा: नंतर. लगेच.

डॉक्टर: बरं. ड्रायव्हरदादा, कॅडबरी नाक्याकडून नको, तिथे जाम असेल, आतून घ्या. आणि पुढे फोन करून सांगा, सीटी स्कॅन तयार ठेवा, आम्ही पोचतोय. आजी, तिथे गेल्यावर जो डॉक्टर भेटेल त्याला हे सगळं जसंच्या तसं सांगायचं. वेळेसकट. काही गाळायचं नाही.

रंभा: नाही गाळणार. वाचेल ना हो?

डॉक्टर: ऑक्सिजन अजून टिकून आहे. पोचू दे आधी.

शिवानी: आत्या… मला बरं… वाटत होतं. खरंच.

रंभा: माहीत आहे मला. बोलू नकोस.

डॉक्टर: आजी, तुम्ही तो पाय सोडा.

रंभा: चोळत नाहीये हो मी. नुसता हात ठेवलाय.

डॉक्टर: तोही काढा.